कासारीण जिथे थांबत नसे

आमच्या पाखाडीत कासारीण वर्षातून दोन-तीनदा यायची. डोक्यावर टोपली, टोपलीवर मळकं फडकं आणि "बांगड्या भरा गं" अशी लांब ओढलेली हाक. प्रत्येक बेड्याशी, म्हणजे अंगणाच्या फाटकाशी, ती थांबायची. काकूच्या बेड्याशी तर टोपली उतरवून ऐसपैस बसायची, पाणी प्यायची, गावभरच्या बातम्या सांगायची. काकूनंतर आमचं घर. तिथे आली की हाक बंद. पदर पुढे ओढायची, पाय उचलायची आणि आमचं कुंपण संपलं की पुन्हा "बांगड्या भरा गं". मी पेरूच्या फांदीवर बसून हे बघायची. एकदा मला राहवलं नाही. वरूनच विचारलं, "मावशी, आमच्याकडे का नाही थांबत?" तिने वर बघितलं आणि हळूच म्हणाली, "तुज्या आयशीला उगाच वाईट वाटंल, बाय. जल्माचं दुख ते." तिचं तरी काय चुकत होतं? ओसरीत आई तांदूळ निवडत बसली होती. कपाळ मोकळं, गळा मोकळा, हात मोकळे. आणि ज्याच्या मरणाचं दुःख कासारीण एवढं जपत होती, तो धडधाकट माणूस मागच्या अंगणात सुपारी सोलत, भसाड्या आवाजात प्रभूचं गाणं म्हणत बसला होता.

अण्णा, माझे वडील, ख्रिस्ती कसे झाले ती गोष्ट मी सांगणार नाही. ती त्यांची होती, आणि साक्ष म्हणून त्यांनी ती इतक्यांदा सांगितली, की तिच्यात मला माझं काही मिसळायचं नाही. एवढंच सांगते, की मी अगदी लहान असताना श्रीवर्धनच्या आमच्या घरात दोन चुली झाल्या आणि पोफळीच्या वाडीच्या मधून चिऱ्यांचा गडगा उठला. वरची वाडी थोरल्या काकांकडे राहिली, खालची, समुद्राकडची, आमच्याकडे आली. भांडण म्हणावं असं काही झालं नाही. काका म्हणाले, "तुझा देव तुला, माझा देव मला. विहीर मात्र एकच राहील." गडगा बांधताना गवंड्याला त्यांनीच सांगितलं, की मधे माणूस जाईल एवढी वाट ठेव. त्या वाटेने पुढे वर्षानुवर्षं ताकाची कासंडी, फणसाचे गरे, तापाच्या गोळ्या आणि आम्ही पोरं ये-जा करत राहिलो. देव तेवढा कुणी त्या वाटेने नेला-आणला नाही.

रायगडच्या किनाऱ्यावर ख्रिस्ती माणसं तशी जुनी. रेवदंड्याकडे तर पिढ्यान् पिढ्या आहेत. त्यांच्या बायका मंगळसूत्र घालतात, सणाला गजरा माळतात, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. आमची मंडळी निराळी. पाच-सहा घरांची, कर्मठ, आणि वेगळं राहणं हाच जिचा धर्म. सिनेमा नाही, रेडिओवरची गाणी नाहीत, सोनं नाही, शपथ नाही, रविवारी काम नाही. पुण्याहून अधूनमधून एक वडील यायचे. मंडळीचे वडील, म्हणजे प्रमुख. त्यांचा शब्द अण्णांना शिरसावंद्य. त्यांनीच अण्णांचा आणि आईचा बाप्तिस्मा आमच्या समुद्रात केला. मला त्यातलं एकच चित्र आठवतं, आणि तेही काकूने पुन्हा पुन्हा सांगून पक्कं केलेलं असेल. मी सुरूच्या झाडाखाली काकूच्या कडेवर होते. आई लाटांपर्यंत गेली आणि परत फिरून आमच्याकडे आली. तिने गळ्यातलं काढलं, दोन वाट्यांचं, काळ्या मण्यांचं. बांगड्या उतरवल्या. सगळं काकूच्या हातात दिलं. "वैनी, हे ठेवा तुमच्याजवळ." काकू म्हणाली, "अगं सुमती, वेड लागलं का तुला? कुंकवाचा धनी समोर उभा आहे तुझा." आई म्हणाली, "त्यांनीच सांगितलंय." मग ती वळून पाण्यात गेली आणि खाऱ्या पाण्याने तिने कपाळ पुसलं. काकू सांगायची, की पुसलेलं कुंकू नाकावर ओघळलं होतं आणि पाण्यात दुसऱ्यांदा डोकं घालावं लागलं.

रविवारची सकाळ मात्र आमच्या घरी फार सुंदर असायची, हे मला सांगितलंच पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल आम्ही नुसते सुतकी चेहरे करून बसायचो. आई पहाटेच न्हायची आणि प्रभुभोजनाची भाकर करायची, तांदळाची, पातळ, एकही काळा डाग न पडू देता. दारू आमच्यात वर्ज्य, म्हणून द्राक्षरसासाठी काळ्या मनुका रात्रभर भिजवून सकाळी उकळायच्या. तो वास घरभर भरायचा. एकदा बाजारात मनुका मिळाल्या नाहीत, तर आईने सरळ आमसुलं भिजवली. अण्णांनी घोट घेतला, डोळे मिटले, आणि नंतर म्हणाले, "सुमती, प्रभूने क्षमा केलीच असेल, पण दात आंबले माझे." मंडळीतली सात-आठ माणसं ओसरीवर चटईवर बसायची. बायका डोक्यावरून पदर घेऊन डावीकडे, पुरुष उजवीकडे. त्यात हिराबाय असायची, कोळीवाड्यातली, नवरा दर्यात गमावलेली. पूर्वी तिच्या अंगावर कोळणीला शोभेल एवढं सोनं होतं म्हणे. गाताना तिचा आवाज इतका मोठा निघायचा, की पलीकडे काका देवपूजा आटपून ओरडायचे, "हिराबाय, जरा हळू, माझ्या देवांना झोप लागली नाही अजून." अण्णा हसायचे. काकांनी चिडवायचं आणि अण्णांनी हसायचं, हा त्या दोघांचा रिवाज होता. "तुझ्याच वाडीच्या सुपारीचा गणपती बसवला रे आज," काका म्हणायचे. अण्णा म्हणायचे, "मी सुपारी विकतो दादा, पूजा नाही विकत."

रविवारचं काम नाही म्हणजे किती नाही, याचा एक किस्सा. सोललेली सुपारी अंगणात वाळत पसरली होती आणि अवेळी आभाळ भरून आलं. उपासना संपली होती, पण दिवस रविवारचाच. अण्णा ओसरीवर उभे राहून ढगांकडे बघत होते. आई दारात. कुणी हलेना. पहिले थेंब पडले तसे काका वाटेनेसुद्धा न येता गडगा ओलांडून धोतर खोचत आले आणि शिव्या देत एकटे सुपारी गोळा करायला लागले. "अरे, तुझ्या देवाला सुट्टी असेल, ढगाला आहे का?" सगळी गोळा करून पडवीत ओतली, भिजले, शिंकले. अण्णा म्हणाले, "दादा, चहा घेऊन जा." काका म्हणाले, "चहा करणं काम नाही वाटतं?" आणि बसले. आईने आल्याचा चहा केला. तेवढी हसलेली ती मला क्वचितच आठवते.

कारण बाकीचे सहा दिवस तिला जगातच काढायचे होते, आणि जग डोळ्यांनी बघतं, ते आधी कपाळाकडे बघतं. ओळखीच्यांना सगळं माहीत होतं, पण माहीत असणं निराळं आणि सणाच्या दिवशी समोर मोकळं कपाळ दिसणं निराळं. चैत्रातल्या हळदीकुंकवाची बोलावणी पहिल्या वर्षी आली, दुसऱ्या वर्षी चुकत-माकत आली, मग बंद झाली. कुणाला दोष द्यायचा? बोलावून तिला लावायचं काय? एसटीत अनोळखी बायका तिला खिडकीची जागा द्यायच्या आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून "लहान आहे हो अजून" म्हणून उसासा टाकायच्या. आई खाली बघायची. आपला नवरा जिवंत आहे हे सांगणं तिच्या जिभेवर यायचं आणि परत जायचं. कसं सांगणार? सांगितलं की लगेच "मग असं का?" आणि त्या "का"चं उत्तर तिला अजून स्वतःलाच सापडलेलं नव्हतं. हे मला तेव्हा कळत नव्हतं. मला फक्त राग यायचा, सगळ्यांचाच, अण्णांचा सर्वांत जास्त.

काकूची मंदा माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. ती झाली तेव्हा काकू दुखण्याने अंथरुणाला खिळली होती आणि त्याच सुमारास आईचं पहिलं मूल, माझ्या आधीचं, जन्मून चार दिवसांत गेलं होतं. मंदा आईच्या दुधावर वाढली. ही गोष्ट घरात कुणी मुद्दाम बोलत नसे, पण मंदा पहिली भाकरी भाजायला शिकली ती आमच्या चुलीवर, आणि न्हाण आलं तेव्हा काकूकडे न जाता आईकडे आली. आई तिची वेणी घालायची तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे दिसायचं ते माझी वेणी घालताना दिसायचं नाही. मत्सर वाटायचा मला. आता वाटत नाही. माझी तर ती रोजचीच होती, मंदा तिला परत मिळालेली होती.

मंदाचं लग्न ठरलं माणगावकडे. घर बरं, मुलगा शिक्षक. आईने तिचं केळवण केलं ते अजून जिभेवर आहे. वालाचं बिरडं, कच्च्या फणसाची भाजी, नारळीभात, वर घरचं तूप. ओटी भरायची नाही, औक्षण करायचं नाही, मग आईने काय केलं, तर मंदाला पाटावर बसवून स्वतःच्या हाताने पहिला घास भरवला. मंदा घास तोंडात धरून रडत बसली, गिळेना. आईने तेव्हाच अण्णांना विचारलं, माझ्यासमोर, "हळदीला जाऊ ना मी?" अण्णांनी थोडा विचार केला. म्हणाले, "हळद ती हळदच. भाजीत घालतो ना आपण? पोरीच्या गालाला लावलीस म्हणून प्रभू रागवायचा नाही." आईचा चेहरा असा उजळला, की त्या दिवशी मी अण्णांना सगळं माफ केलं.

हळदीच्या आदल्या दिवशी काकू गडग्याच्या वाटेने आली. हातात खणाची पुरचुंडी. तिने ती आईपुढे उलगडली. आत आईचं मंगळसूत्र होतं. "फक्त उद्याचा दिवस घाल," काकू म्हणाली. "उद्या मुलाकडच्या बायका उष्टी हळद घेऊन येणार. परकी माणसं, त्यांना काय ठाऊक? एक टिकली लाव, हे गळ्यात घाल आणि मानाने माझ्या लेकीला हळद लाव. तुझा देव बघतोय ना? मग माझ्या तोंडाकडेही बघेल की." आईने त्याला हात लावला नाही. तिने वर अण्णांकडे बघितलं. अण्णा उंबऱ्यात उभे होते. त्यांना सगळं ऐकू आलं होतं. ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. सुपारी सोलायची आहे म्हणून मागे निघून गेले. आई म्हणाली, "नको, वैनी." काकूने पुरचुंडी बांधली. जाताना एवढंच म्हणाली, "तुम्हा दोघांपुढे काय बोलायचं माणसाने?"

दुसऱ्या दिवशी काकूच्या माजघरात बायका दाटीने बसलेल्या. मंदा पाटावर, पिवळ्या साडीत. माणगावहून आलेल्या बायकांत मुलाची आत्या होती, ठसठशीत कुंकू, हातभर हिरवा चुडा, आणि प्रत्येक गोष्ट रीतीने व्हावी असा तिचा आग्रह. पाच सवाष्णींची हळद लावून झाली. मग काकूने आईला खूण केली. आई भिंतीशी बसली होती, ती उठली, वाटीत बोटं बुडवली आणि मंदाच्या गालाकडे हात नेला. आत्याने तो मनगटाला धरला. जोरात नाही, पण धरला. "अहो बाई, तुम्ही नका. राग मानू नका, पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे."

मंदा म्हणाली, "लावू द्या ना तिला, काकी आहे ती माझी." आत्या म्हणाली, "असेल गं बाळ. काकी असली तरी नशिबाचं कुणी बदलू शकतं का?" तेवढ्यात मागच्या दाराने अण्णा आत आले. मांडवाला लावायला केळीचे खुंट हवे होते, ते आमच्या वाडीतून तोडून त्यांनी खांद्यावर आणले होते. काकूला ते दिसले आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अहो, तसं काही नाही! तिचे यजमान आहेत की. हे काय उभे आहेत." माजघरातल्या सगळ्या बायकांनी माना वळवून आधी अण्णांकडे पाहिलं आणि मग आईकडे. आत्याने मनगट सोडलं. पण ती जे म्हणाली ते धरण्याहून वाईट होतं. "म्हणजे सगळं असून हे असं? हात दाखवून अवलक्षण करतात ते असंच." अण्णांच्या खांद्यावर खुंट तसेच होते. त्यांतून पाणी गळत होतं. आईने बोटांवरची हळद पदराला पुसली, मंदाला म्हणाली, "सुखी राहा," आणि मला हाताला धरून गडग्याच्या वाटेने घरी आली.

घरी येऊन तिने चूल पेटवली आणि भात टाकला. अण्णा मागोमाग आले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "मी आत्ता जातो, वहिनींकडून घेऊन येतो. तू घाल. कुंकू लाव. मंडळीला काय सांगायचं ते मी सांगेन." आई आधणाकडे बघत म्हणाली, "आता नको."

"का नको? मी सांगतोय ना."

"तेव्हाही तुम्हीच सांगितलं होतंत. म्हणून काढलं. माझ्या मनात नव्हतं. इतकी वर्षं रोज सकाळी हात कपाळाकडे जायचा, तो मी ओढून खाली आणायची. आज त्या बाईने हात धरला, तेव्हा मला वाटलं, घालावं, आत्ता घालावं आणि दाखवावं हिला. आणि तेवढ्यातच कळलं, की दाखवण्यासाठी घालणं हेच ते जग, ज्यातून आपण उठून आलो. आता ते तुमच्या सांगण्यातलं राहिलं नाही. प्रभूचं आणि माझं आहे." मग ती थांबली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "पण दुखतं हो फार."

अण्णा चुलीपुढच्या पाटावर बसले आणि रडले. माणूस रडतो तेव्हा घरात काय करायचं हे आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं. आईने भात उतरवला.

त्या दिवसानंतर अण्णांनी एक गोष्ट सुरू केली. आमच्याकडे नवरा-बायको बाजारात बरोबर जात नसत. गेले तर पुरुष पुढे, बाई दहा हात मागे. अण्णा आईबरोबर जायला लागले, आणि तेही शेजारून, पिशवी स्वतःच्या हातात घेऊन. मासळीच्या बाजारात, डॉक्टरकडे, मुरुडला मंडळीच्या सभेला जाताना एसटीत. कुणी अनोळखी बाई आईकडे कीव करून बघायला लागली, की अण्णा मोठ्याने विचारायचे, "अगं, कोथिंबीर घ्यायची ना?" घरी कोथिंबीर ढीगभर असली तरी. सगळा बाजार हसायचा. काकू गडग्यावरून ओरडायची, "बघा बघा, सुमतीचं मंगळसूत्र निघालं पिशवी घेऊन!" आई लाजायची. मला वाटतं ती वर्षं तिची सुखाची होती. हळद लागलेलं ते लुगडं मात्र तिने कितीदा धुतलं, डाग काही गेला नाही, आणि तिने ते टाकलंही नाही.

हे लिहिताना माझी सून समोर बसून फोनवर ऑफिसचं काहीतरी बोलते आहे. पनवेलच्या आमच्या या फ्लॅटमध्ये ती सकाळी तयार होऊन निघते तेव्हा कपाळाला काही नसतं, गळ्यात काही नसतं, हातात एक घड्याळ. तिला लिफ्टमध्ये कुणी जागा करून देत नाही, कुणी उसासा टाकत नाही, कुणी तिचं मनगट धरत नाही. तिला आवडत नाही म्हणून ती घालत नाही, बस्स. मी तिला आईची गोष्ट सांगितली तेव्हा ती म्हणाली, "एवढं काय त्यात, आई?" तिचं बरोबर आहे. आणि तरी मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. जे माझ्या आईने आयुष्य देऊन घेतलं ते आता फुकट मिळतं, आणि फुकट मिळतं म्हणून ते तेच आहे का, हे मला ठरवता येत नाही.

अण्णा गेले ते सुपारीच्या दिवसांत. थंडी होती, उन्हात बसून सोलत होते, गाणं चाललं होतं. गाणं मधेच थांबलं. आईला वाटलं, कडवं विसरले. तिने आतून पुढची ओळ सांगितली. ते म्हणाले नाहीत म्हणून तिने ती पुन्हा सांगितली. मग मी बाहेर गेले. मान छातीवर पडली होती, हातात सुपारी होती. मी काकांना हाक मारली आणि ते वाटेने न येता गडगा ओलांडून आले, म्हातारपणी, गुडघे फोडून घेत. डॉक्टर येऊन गेले. करण्यासारखं काही नव्हतं.

ओसरीत त्यांना पांढऱ्या सदऱ्यात ठेवलं. मंडळीतले भाऊ आले आणि गायला बसले. समुद्राकडच्या कुंपणाशी, वाडीच्या टोकाला, काकांच्या गड्यांनी खड्डा खणायला घेतला होता. काकांनीच जागा दाखवली. म्हणाले, "इथून त्याला माझ्या देवांची घंटा ऐकू येईल. त्रास देऊ दे जरा त्याला." आणि तोंड फिरवलं. पाखाडीतल्या बायकाही आल्या. त्या अंगणात उभ्या राहिल्या, आत येऊ की नको अशा. नवरा गेलेल्या बाईपाशी काय करायचं हे त्यांच्या हातांना पाठ होतं, पण इथे त्या हातांना काम नव्हतं. बांगड्या नव्हत्या, कुंकू नव्हतं. एक म्हातारी दुसरीला हळूच म्हणाली, "हिचं आता काय उतरवायचं गं?" आईने ते ऐकलं. तोवर ती रडली नव्हती. नुसती बसली होती, कालच्यासारखी, परवासारखी. तिने काकूला जवळ बोलावलं. म्हणाली, "वैनी, काल आणि आज मी सारखीच दिसते. यांचं जाणं माझ्या अंगावर कुठेच दिसत नाही." मग म्हणाली, "माझं आहे ना तुमच्याकडे?"

काकू वाटेने गेली आणि तीच खणाची पुरचुंडी घेऊन आली. मी पाहिलं, काळ्या मण्यांचा दोरा कोरा होता. नंतर कळलं, दर दोन-तीन वर्षांनी काकू ती पोत पटवेगाराकडून नव्याने ओवून घेत होती, न जाणो लागलीच तर जुना दोरा तुटायला नको म्हणून. आईने मंगळसूत्र सगळ्यांदेखत गळ्यात घातलं. भावांचं गाणं अडखळलं, थांबलं. एकट्या हिराबायने ते सोडलं नाही, तिच्या त्या मोठ्या आवाजात तिने पुढे नेलं. आई अण्णांच्या जवळ सरकली. त्यांच्या सदऱ्याची कॉलर नीट केली. नव्या नवरीसारखी मान खाली घालून त्यांच्यापाशी बसून राहिली, ते गाणं संपेपर्यंत. मग काकूला म्हणाली, "आता काढा."

काकू मागे सरली. "माझ्याने नाही व्हायचं गं, सुमती." अंगणातली एकही बाई पुढे आली नाही. हिराबाय उठली, पदर खोचला. "सुमतीबाय, मी काढतंय. माजा गेला तवा माजं पन असंच कुनीतरी काढलंच व्हतं." तिने मागची गाठ सोडवली. मणी आईच्या मांडीवर पडले, आणि तेव्हा आईने हंबरडा फोडला. तेव्हा पाखाडीतल्या बायका आत आल्या. काय करायचं ते आता त्यांना कळलं होतं. त्यांनी आईला धरलं, तिच्याबरोबर मोठ्याने रडल्या. मंगळसूत्र आईने अण्णांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवलं, जिथे ते चष्मा ठेवायचे. काळ्या पोतीसकट ते मातीत गेलं.

मंडळीतल्या भावांना हे पचलं नाही. पुण्याचे वडील येईपर्यंत आईने प्रभुभोजनात भाग घेऊ नये असं ठरलं. भाकर मात्र तीच करायची, कारण दुसऱ्या कुणाला तशी जमत नसे. पहाटे न्हाऊन भाकर करायची, ताटलीत ठेवायची आणि मागे दाराशी जाऊन बसायची. ताटली हातोहात फिरायची आणि तिला ओलांडून पुढे जायची. आमच्या दारावरून जाणाऱ्या कासारणीची मला आठवण यायची. आई कुरकुरली नाही. बाजारात जायला निघाली की मात्र ती बेड्याशी थांबायची, शेजारून कुणी येतंय का बघितल्यासारखी. मग पिशवी स्वतःच उचलायची.

पुण्याचे वडील आले ते शेवटी एका रविवारी, सकाळच्या पहिल्या एसटीने. पुढे त्यांनी आईला पुन्हा संगतीत घेतलं, तो भाग मंडळीत सगळ्यांना माहीत आहे. पण त्या सकाळी अजून कुणी आलं नव्हतं आणि मी पाणी भरत होते, म्हणून मला जे ऐकू आलं ते मलाच माहीत आहे. ते स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहिले. वाईट माणूस नव्हता तो, आवाजात राग नव्हता. त्यांनी विचारलं, "बहिणी, मी ऐकलं ते खरं का? तू ते परत गळ्यात घातलंस?"

आई म्हणाली, "घातलं."

"इतकी वर्षं प्रभूसाठी सोडलेलं. मग का घातलंस?"

"काढायला," आई म्हणाली, आणि तव्यावरची भाकर उलटायला वळली, कारण ती लागायला आली होती.